पाय बरा झाल्यावरचं दुखणं

राजूर

सौ. मीना हीस, भागवतचा सप्रेम आशीर्वाद (संसाराला सदतीस वर्षं झाली, पण तुला रीतसर पत्र पहिल्यांदाच लिहितोय, घाबरू नकोस). पुण्यात लेक, जावई, नात खुशाल असतील. तुझे गुडघे कसे आहेत? फोनवरच विचारलं असतं, पण तिकडे फोन स्पीकरवर असतो आणि माझं रडगाणं जावई ऐकतात.

मंदिरासमोरच्या आपल्या दुकानात नारळाचं पोतं पायावर पडलं, त्याला सहा महिने झाले (किरकोळ आहे, असं तेव्हा मीच तुला सांगितलं होतं). हाड सांधलं, सूज गेली, फोटो स्वच्छ आला. दुखणं मात्र जागचं हललं नाही. चादर लागली तरी कळ मस्तकात जाते. गावाला हे खरं वाटेना. भेटायला येणारा जो तो आधी दुखऱ्या जागी अंगठा रुतवून खात्री करतो, मगच चहा घेतो. समोरचा पेढेवाला कचरू तर रोज सकाळी, "इथंच दुखून राह्यलं ना?" म्हणत दाबतो आणि मी ओरडलो की समाधानानं दुकान उघडायला जातो.

शेवटी जालन्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, हे सोंग नाही. दुखण्याच्या निरोपांचा इतका मारा झाला, की पाठीच्या कण्यातल्या चेतापेशी हळव्या झाल्या. आता साधा स्पर्शही त्या मेंदूला दुखणं म्हणूनच कळवतात. (शेजारच्या गिरिजाबाईंच्या हारांना एकदा शेळीनं तोंड लावलं, तेव्हापासून त्या शेळीची सावली दिसली तरी काठी उचलतात, तसंच.) उपाय म्हणजे दाबादाबी बंद, रोज थोडं चालणं, मऊ कापडानं पायाला स्पर्शाची सवय आणि शांत झोप. हे सगळं मी गिरिजाबाईंना समजावलं. त्यांनी हार ओवता ओवता ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मीनाबाई घरी न्हाईत, मंग दुखणारच की."

मला रागच आला. पण तू तीन महिन्यांसाठी गेली होतीस, आता आठवा लागला. तू विसरलेली मिश्रीची डबी खिडकीत तशीच आहे. तिच्याकडे नजर गेली तरी आत कळ उठते, आणि तिथं तर कुणी अंगठाही दाबलेला नाही. तुझी फार आठवण येते.

असो. तिकडचं आटोपल्याशिवाय निघू नकोस. मी मजेत आहे.

तुझा,
भागवत

ता. क. मऊ कापड घरच्याच माणसानं फिरवावं, असं डॉक्टरांनी बजावलंय. (खरं तर ते 'कुणीही' म्हणाले होते.)

ता. क. २. पत्र लिहून आठ दिवस झाले, पाकीट टाकायचं धाडस होईना. तेवढ्यात पायाला उतार पडला. काल चादर घेऊन झोपलो. आता तुला बोलवायला काही कारण उरलेलं नाही. तरी ये.