'मुक्त करा' हे बटण दाबू नये

मी, दादाराव नामदेव सोमकुवर, वय त्रेसष्ट, सौंसर नगरपालिकेच्या पाणीपुरवठ्यातला निवृत्त पंपचालक, राहणार सौंसर, जिल्हा पूर्वी छिंदवाडा आणि आता पांढुर्णा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही, मी कसली नशा केलेली नाही आणि माझी शुद्ध जागेवर आहे. भीती मात्र आहे, आणि ती पुष्कळ आहे. वकील अश्विनीताई म्हणाल्या की मृत्युपत्रात भीती लिहायची पद्धत नाही. पण जे आहे ते गाळून खाली खरेपणाची सही कशी करू?

कारण असे. माझ्या मानेच्या मणक्यात गाठ आहे आणि परवा, बुधवारी, नागपूरला ऑपरेशन आहे. उजव्या हाताच्या दोन बोटांना मुंग्या येतात, चहाचा कप दोनदा हातातून सुटला. डॉक्टर म्हणाले, जिवाला धोका फारसा नाही. शंभरात चार-पाच जणांचा हात मात्र पुन्हा चालत नाही. त्यांनी ते धीर देण्यासाठी सांगितले. तेव्हापासून मी स्वतःला त्या चार-पाचांतच धरून चाललो आहे.

कलम १. राहते घर माझ्यामागे पत्नी पुष्पाचे, आणि तिच्यामागे मुलगी करुणाचे. करुणा पांढुर्ण्याला शाळेत शिकवते. तिने आईला तिकडे नेण्याचा हट्ट करू नये. पुष्पाचे या गल्लीत चार बायकांशी जमते आणि दोघींशी भांडण आहे. माणसाला दोन्ही लागते.

कलम २. वॉल्व्ह उघडायची लोखंडी चावी आणि मोठा पाना पंपघरातला माझा जोडीदार देवीदास याला द्यावा. टाकी एकदा वाहून गेली तेव्हा बोल मला लागला होता. पाळी कोणाची होती हे देवीदासला ठाऊक आहे. तरीही चावी त्यालाच, कारण ती त्याच्याइतकी हलक्या हाताने कोणी फिरवत नाही.

कलम ३. अंत्यविधीला बुद्धवंदना म्हणावी. तेरवी करू नये. भाषण करू नये.

कलम ४. माझा संघ. हे कलम वाचताना कोणी हसू नये.

इंटरनेटवर बेसबॉलचा एक खेळ आहे. त्यातले खेळाडू खोटे, मैदान खोटे. प्रत्येक माणसाला एक संघ मिळतो. कोणाला खेळवायचे, कोणाला बसवायचे, कोणाचा करार पुढच्या सालासाठी धरायचा, हे त्याने ठरवायचे. सामना संगणक खेळतो. एप्रिल ते सप्टेंबर रोज एक सामना. आमच्या लीगमध्ये चोवीस संघ आहेत आणि बहुतेक मालक परदेशातले. २०१९ साली, टाकी भरायची वाट पाहत पंपघरात बसलो असताना, कार्यालयातल्या मोरेश्वर बाबूने मला त्यात घातले. मला इंग्रजी जेमतेम येते म्हणून पानाचे आपोआप मराठी होईल अशी सोयही त्याने फोनमध्ये लावून दिली. पान उघडले. वर लिहिले होते, "स्वागत आहे, मालक."

मी फोन पालथा ठेवला. माझे वडील मोहगावला सालगडी होते. आमच्या घरात हा शब्द दुसऱ्याला हाक मारायचा होता. तो आपल्याला लागलेला मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला आणि मला आनंद झाला नाही, धडकी भरली.

संघाचे नाव 'सौंसर पंपघर'. हा संघ, त्यातले सव्वीस गडी आणि पासवर्ड मी पुष्पाला देतो. पासवर्ड तुरीच्या डाळीच्या डब्याच्या झाकणाला आतून चिकटवला आहे. पंधरा दिवस कोणी पान उघडले नाही तर संघ बेवारस धरतात आणि संगणक ताबा घेतो. मला दवाखान्यात तीन आठवडे लागणार आहेत. म्हणून हे कलम माझ्या मरणाची वाट न पाहता बुधवारपासूनच लागू समजावे.

कलम ५. पुष्पासाठी, आणि पुढेमागे जो कोणी नवा मालक होईल त्याच्यासाठी.

आधी भाषा समजून घ्यावी. पान भलतेच मराठी करते. 'घागर' म्हणजे पिचर, चेंडू फेकणारा गडी. 'संप' म्हणजे स्ट्राइक, फलंदाजाचा हुकलेला चेंडू. तीन संप झाले की तो बाद. नगरपालिकेत तीन संप होऊनही कोणी बाद झालेले मी पाहिले नव्हते, म्हणून हे डोक्यात शिरायला मला वेळ लागला.

पहिले दोन आठवडे कशालाही हात लावू नये, नुसते पाहावे. नवा मालक आला की त्याला गोड गोड निरोप येतात, तुमचा हा गडी द्या, आमचे हे दोन घ्या. अशा वेळी गप्प बसावे. हरलेल्या दिवशी तर कोणताही सौदा करू नये. हरलेला माणूस घाबरलेला असतो आणि घाबरलेला माणूस स्वस्तात विकतो. हे मी अनुभवावरून सांगतो, कारण मी नेहमीच घाबरलेला असतो.

प्रत्येक घागरीपुढे थकव्याचा रंग असतो. हिरवा असेल तर खेळवावे, पिवळा असेल तर विचार करावा. लाल असेल तर समोर कोणीही असो, बसवावे.

राखीव घागरी जिथे बसतात त्या जागेला पान 'बैलांचा गोठा' म्हणते. पहिल्या वर्षी पोळ्याच्या सकाळी मी ते वाचले आणि गोठ्यातल्या सातही जणांना सुट्टी दिली. पोळ्याला बैल जुंपत नाहीत हे मला कोणी शिकवावे लागले नाही. मालकाचे बैल धुवायला आणि शिंगे रंगवायला मी वडिलांबरोबर जात असे. तो सामना आम्ही अकरा-दोन असा हरलो. मोरेश्वर दोन वर्षे पोट धरून हसला, मग त्याने सांगितले की तिथे बैल नाहीत, माणसेच आहेत. मी म्हटले, मग तर सुट्टी दिलीच पाहिजे.

यंदा पोळा शुक्रवारी आहे. मी तेव्हा शुद्धीत असेन की नाही, माहीत नाही. पुष्पाने सकाळी चहाच्या आधी सातही नावांपुढचे 'विश्रांती' दाबावे. हरलो तर हरलो.

कलम ६. होरासिओ मेद्रानो, वय एकतीस, उजव्या हाताची घागर. पुष्पा त्याला मेदराम म्हणते आणि रोज त्याची तब्येत विचारते.

२०२२ साली हंगामाचा शेवटचा सामना मोरेश्वरच्या 'मोहगाव संत्रा' संघाशी होता. मेद्रानोचा रंग लाल होता. मला लाल दिसत होता. मोरेश्वरकडून हरायचे नव्हते म्हणून मी त्याला उतरवला. सातव्या डावात पान म्हणाले, "घागर जखमी आहे." त्याचे कोपर गेले. तेव्हापासून तो एक जागा अडवून बसला आहे, दर साली मी त्याचा करार धरतो आणि तीन वर्षे आम्ही शेवटून दुसरे येतो. चूक माझी होती, त्याची नव्हती.

त्याच्या नावापुढे एक बटण आहे, 'मुक्त करा'. शब्द गोड आहे. त्याला फसू नये. संघ संगणकाच्या हाती गेला तर तो पहिल्या दिवशी हेच बटण दाबतो.

मी नऊ वर्षांचा असताना वडिलांचा उजवा हात कडबा कापायच्या यंत्रात गेला. त्याआधी तीन दिवस ते तापात होते, तरी कामावर होते. रघुनाथराव मालकांनी औषधपाणी केले, हे मी नाकारत नाही. पाडव्याला साल संपले. वडील मला घेऊन अंगणात उभे राहिले. मालक म्हणाले, "नामदेव, औंदापासून तू मोकळा." वडील म्हणाले, "जी, मालक." आम्ही चालत घरी आलो. त्यांचा डावा हात माझ्या खांद्यावर होता. त्यानंतर ते अकरा वर्षे जगले. त्या अकरा वर्षांत त्यांना कोणी काम सांगितले नाही, साधे पाणी आणायलाही नाही.

रघुनाथराव वाईट माणूस नव्हते. म्हणूनच मला मालक होण्याची भीती वाटते.

मेद्रानोला मुक्त करू नये. तो पुन्हा कधीच खेळणार नाही असे पानावर आले तरी करू नये.

कलम ७. मोरेश्वर बाबू हा रघुनाथरावांचा मुलगा. वरची गोष्ट मी त्याला कधी सांगितली नाही. एका कार्यालयात तीस वर्षे काढली, एका डब्यातले जेवलो, पण हे सांगायला तोंड उघडले नाही. गेल्या साली त्याने लीगच्या फलकावर सगळ्यांसमोर लिहिले की दादारावने भंगार सांभाळून ठेवले आहे. मी दीड महिना त्याच्याशी बोललो नाही. त्याला कारण कळले नाही आणि त्याने विचारलेही नाही. रोज आला, ओट्यावर बसला, पेपर वाचून गेला.

तरी माझ्यामागे तो आला तर त्याला चहा द्यावा, साखर दोन चमचे. इंग्रजीचे काही अडले तर त्यालाच विचारावे. पासवर्ड देऊ नये. ज्याला मृत्युपत्रात काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये असे अश्विनीताई म्हणतात. मोरेश्वरला यात काहीच मिळत नाही, म्हणून साक्षीदार तोच.

कलम ८. मी अश्विनीताईंना विचारले, मेलो नाही पण हात गेला, तर हा कागद काय करतो? त्या म्हणाल्या, काही करत नाही, तो मेल्यावरच लागू होतो. म्हणजे ज्याची मला भीती आहे त्याच्यासाठी कायद्यात कलम नाही. म्हणून मीच लिहितो.

मला मरणाची भीती वाटत नाही. हात मांडीवर ठेवून घरी परत येण्याची वाटते. पुष्पाने भरवण्याची वाटते. आणि कोणीतरी, अगदी चांगल्या मनाने, बाबा आता तुम्ही मोकळे, असे म्हणण्याची सगळ्यात जास्त वाटते.

काल दुपारी पुष्पाला पान शिकवत होतो. तिचे बोट चुकून मेद्रानोच्या बटणावर पडले. पान म्हणाले, "तुम्हाला खात्री आहे का, मालक?" मी ओरडलो. पुष्पाने एकेक अक्षर लावत ते वाचले आणि शांतपणे 'नाही' दाबले. मग चष्मा काढून माझ्याकडे पाहिले.

"तुमी हे मेदरामचं सांगून राहिले का सोताचं?"

मी उजवा हात सदऱ्याच्या खिशात घातला. तिने खिशातून माझा हात बाहेर काढला आणि आपल्या हातात धरला.

"त्याचा हात गेला त तीन सालं घरी बसवून ठेवलं न जी तुमी त्याले," ती म्हणाली. "मंग मी काऊन तुमाले मोकळं करीन?"

हे बोलणे मी कलम म्हणून नोंदवतो. कायद्यात बसत नसेल तर कायदेवाल्यांनी खोडावे. मी खोडणार नाही.

याआधी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही. इथे मध्य प्रदेशात नोंदणी कार्यालयात हिंदी लागत असेल तर करुणाने भाषांतर करून द्यावे, मात्र 'मोकळा' हा शब्द बदलू नये.

ठिकाण: सौंसर
दिनांक: १८ ऑगस्ट २०२५, सोमवार

सही: दादाराव नामदेव सोमकुवर
(उजव्या हाताने केली)

साक्षीदार १: ॲड. अश्विनी डोंगरे, सौंसर

साक्षीदार २: मोरेश्वर रघुनाथराव बोबडे, मोहगाव
(सगळी कलमे वाचली. सहावे दोनदा वाचले. शुक्रवारी माझाही गोठा सुट्टीवर राहील.)