पत्र्यावरचा ठेका

प्रिय ताई,

शाळेत कविता म्हणताना तू बाकावर धरायचीस तो ठेका अजून कानात आहे. माझा चुकायचा, म्हणून तू मला 'बेताल' म्हणायचीस. तू गेलीस, तरी लिहितोय.

साथीमुळे पालिकेच्या साहेबांनी आमच्या इमारतीच्या दाराला बाहेरून पत्रा ठोकला. खालच्या मजल्यावरच्या सूनबाईचे तर दिवस भरलेले! मी आतून पत्र्यावर तुझा ठेका धरला. "आजोबा, चळलात काय?" म्हणत शेजारी हसले, मग तेही वाजवू लागले. "माणसं आहोत, दार उघडा!" सगळे त्याच तालात ओरडलो. संध्याकाळी साहेबांनाच पत्रा काढावा लागला. सूनबाई वेळेत दवाखान्यात पोचली. जिंकलो गं, आणि ताल एकदाही चुकला नाही!

आत्ताच दारावर तोच ठेका वाजला. उघडून पाहतो तर साहेब!

"सूनबाईला मुलगी झाली, आजोबा. यापुढे कुठल्याच दाराला पत्रा नाही. पण हा ठेका डोक्यातून जाईना हो!"

तुझा,
बेताल