रांजणात राहिलेली गोष्ट

२ मार्च

पोचले एकदाची! फाट्यावर बॅगेसकट उतरले, तर समोर बागवाल्यांपैकी धाकटे भाऊ ट्रॅक्टर घेऊन हजर. मला नखशिखांत न्याहाळून म्हणाले, कामाच्या जाहिरातीत ‘बारीक अंगकाठी हवी’ असं आम्हीच छापलं होतं हे खरं, पण वारा सुटला तर तुम्हाला शोधायचं कुठे? घर येईपर्यंत माझं ‘काडी’ असं बारसंही उरकलं. मला राग यायला हवा होता. उलट हसूच येत होतं.

घरात माणसं तीन. थोरले दादा, त्यांची बायको म्हणजे वहिनी, आणि हे बिनलग्नाचे धाकटे. मला खोली दिलीय ती वरच्या मजल्यावर, जिन्यालगत. खिडकीतून द्राक्षांचे वेल थेट बांधापर्यंत दिसतात. जेवायला वहिनींनी काही न विचारता चार ताटं मांडली. आई गेल्यापासून मी ओट्याशी उभ्यानेच जेवत आलेय. आज बसून जेवले, आणि लाज सोडून दुसऱ्यांदा वाढून घेतलं.

४ मार्च

आज बाग पाहिली. या भागात पूर्वी एक काळं, बारीक, जाड सालीचं द्राक्ष व्हायचं. बाजारात त्याला कुणी विचारेना, तेव्हा सगळ्यांनी ते उपटून टाकलं. या दोघा भावांना मागच्या दगडी गडग्याआड, काटेरी झुडपांत त्याचे थोडे वेल सापडले. त्यांच्या काड्या कलम करून करून ही बाग उभी राहिली. बाकीची द्राक्षं पिकून उतरली तरी हे आपलं कच्चंच, म्हणून त्याचं नाव हट्टी. थोरले दादा घडावरून हात फिरवतात ते तापलेल्या पोराच्या कपाळावरून फिरवावा तसा.

हट्टीची पहिली वाइन यंदा होणार, आणि तीही जुन्या पद्धतीने. स्टीलच्या टाक्या नाहीत. तळघराच्या जमिनीत गळ्यापर्यंत पुरलेले मातीचे रांजण आहेत, त्यांत. रांजण इतके मोठे की आत माणूस उभा राहतो, पण तोंड अरुंद. कित्येक वर्षं रिकामे पडलेत. त्यांत उतरून ते आतून घासायचे, हे माझं काम. अंगकाठीचं कोडं सुटलं.

७ मार्च

आज पहिल्यांदा उतरले. आधी शिडी, मग बादली, मग ब्रश. थोरल्या दादांनी बजावलं होतं की आत असेपर्यंत बोलायचं थांबायचं नाही. रांजणाच्या बुडाशी कधी कधी वायू साचतो. त्याला ना वास ना रंग, माणूस कधी आडवा झाला ते त्याचं त्यालाही कळत नाही. वर बसलेल्याला आवाज येतोय तोवर ठीक. आवाज थांबला की दोर ओढायचा.

दुसरा नियम ऐकून मात्र मी हसले. आत सुरू केलेलं बोलणं आतच संपवायचं, गोष्ट अर्धी टाकून वर यायचं नाही. का, तर त्यांच्या घरात कायम असंच चालत आलंय. धाकट्यांनी मागून डोळा मारला. थोरले दादा गंभीरच होते.

आधी पाढे म्हटले. ते संपल्यावर शेजारीणबाईंची उणीदुणी काढली, मग आईच्या गमती. वरून हसण्याचे आवाज येत होते. मी बोलतेय आणि कुणीतरी कान देऊन ऐकतंय! घरी मी कुकरशी बोलायचे. त्याच्या शिट्टीला उत्तर समजायचे.

११ मार्च

आज सगळ्यात मोठा रांजण. आत आई आणि मी भलत्याच लग्नात जेवून आलो होतो तो किस्सा रंगवून सांगत होते. नवरीची आत्या आमच्यापाशी येऊन ‘तुम्ही कुणाकडच्या?’ असं विचारते, इथवर आले आणि वरून वहिनींनी हाक मारली, ‘अगं काडी, वर ये बाई, चहा गार होतोय.’ मला कुणी चहासाठी थांबलंय याचंच इतकं अप्रूप, की तशीच शिडी चढले.

उरलेला किस्सा चहाबरोबर सांगितला. वहिनींना ठसका लागला हसून. थोरले दादा मात्र कपाकडे बघत बसले. नंतर एवढंच विचारलं, आत कुठवर आली होती गोष्ट?

१२ मार्च

सकाळी तळघरात गेले तर मोठ्या रांजणातून आवाज. वाटलं, धाकटे माझी नक्कल करतायत. पण ते बागेत होते. आवाज माझाच, आत्याच्या प्रश्नापासून पुढे निघालेला, आणि मी सांगते त्याहून छान सांगत होता. मधेच माझ्यासारखा खोकलाही.

थोरल्या दादांना गाठलं. त्यांचा चेहरा उतरला. म्हणाले, आत्ताच्या आत्ता उतर आणि पुरी कर. उतरले. आत चिडीचूप. मी सुरुवात केली, आत्या आली, तिने विचारलं, आणि पुढचं काही केल्या आठवेना. काल सांगितलेलं! आईने काय उत्तर दिलं होतं?

वर येऊन सांगितलं, झाली पुरी. खोटं बोलले. ही माणसं मला घालवून देतील याची भीती वाटली. परत त्या ओट्याशी जायचं नाही मला.

१५ मार्च

घसा बसलाय. वहिनी म्हणतात, अति बोलण्याने.

दुपारी त्या भाजी निवडायला तळघरात बसल्या होत्या, रांजणाच्या तोंडाशी. आत वाकून म्हणाल्या, ‘मग पुढे काय झालं गं काडी?’ मी त्यांच्या मागेच उभी होते. म्हटलं, वहिनी, मी इथे आहे. त्या दचकल्या. माझ्याकडे पाहिलं, दारात आलेल्या विक्रेत्याकडे पाहतात तसं. मग हसल्या, पण ओळख पटायला वेळ लागला. तो वेळ मी पाहिला.

रांजण आईबद्दल सांगत होता. तिच्या शेवटच्या आजाराबद्दल. मी कुणालाच सांगितलं नव्हतं ते. आता मला आठवतं ते एवढंच की ती आजारी होती.

१८ मार्च

आज ताटं तीनच. मी माझं ताट आणून मांडलं. कुणी वाढलं नाही. धाकटे माझ्या खुर्चीवर टोपी ठेवून गेले.

थोरल्या दादांना खरं सांगितलं — गोष्ट पुरी झाली नव्हती, माझं चुकलं, काय करू सांगा. ते उठले, माझ्या मागचं दार लावून घेतलं. वहिनींना म्हणाले, वारा येतोय.

१९ मार्च

फाट्यावर गेले. बसला हात केला. थांबली नाही. पुढचीही नाही. आणि खरं सांगू — हायसं वाटलं. तिकडे तरी कोण होतं ऐकणारं. निदान इथे माझ्या गोष्टींवर हसतात, मग सांगणारी ती रांजणातली असली तरी —

परत आले. तिघं रांजणाभोवती बसले होते. इतके खूश होते.

२१ मार्च

हट्टी पिकलं. रस आजच भरायचा आहे. रांजण रिकामा हवा.

आतून ती म्हणाली, झालं माझं घासून, घ्या वर. धाकट्यांनी शिडी सोडली. मी ओरडले. शिडी परत वर ओढायला गेले — माझ्या हातात जोर नाही — काठावर बोटं आली. माझी बोटं. मग डोकं. वहिनींनी टॉवेलने तिचे केस पुसले. म्हणाल्या, किती वेळ लावलास गं.

ती आता खाली जेवतेय. गोष्ट शेवटपर्यंत सांगतेय. आईचं उत्तर — ऐकायला मी जिन्यात वाकले, तेवढ्यात सगळे हसले. थोरले दादासुद्धा. मला ऐकूच आलं नाही.

वहिनी म्हणतायत, वर काहीतरी खुडबुडतंय. ती म्हणाली, थांबा, मी बघून येते.

जिना चढतेय. मला पळायला हवं. पण कुठे —

दारात आहे. थेट माझ्याकडे बघतेय. इतक्या दिवसांत कुणी असं बघितलं नव्हतं.

तिने विचारलं, कोण आहे तिथे? अगदी मायेने. मला रडूच आलं. सांगते, सगळं सांगते, फक्त ऐकून घे — मी

मी