बारा प्रश्नांचा तक्ता

ता. ६ जुलै

ती. दादास सा. न. वि. वि.

घरी सगळे मजेत आहेत, एक मी सोडून. माझं डोकं फिरलंय. शाळेतला माझा शनिवारचा वाचनाचा तास तुला ठाऊक आहे. मुलांनी कपाटातून हवं ते पुस्तक घ्यायचं, नाही आवडलं तर ठेवून द्यायचं. मी काही विचारत नाही. सातवीतली आमची टकळी, जिचं तोंड म्हणून बंद होत नाही, ती शाळा उघडल्यापासून दर शनिवारी एका बुडालेल्या जहाजाची गोष्ट घेऊन चपलांच्या मांडणीशेजारी बसायची. घंटा झाली तरी उठायची नाही.

आता वरून तक्ता आलाय. प्रत्येक पुस्तकामागे बारा प्रश्न. नवे शब्द किती, बोध काय, पालकांची सही कुठाय. ज्याचे तक्ते जास्त, त्याला बक्षीस. पहिल्या शनिवारी मी गाढवासारखे ते वाटलेही. टकळीने जहाज अर्ध्यातच परत केलं आणि आठ-आठ पानांची चार पुस्तकं नेली, कारण त्यांचे तक्ते लवकर भरून होतात. त्या दिवसापासून मी तक्ते वाटणं बंद केलं. मोठ्या सरांनी लेखी कळवलंय, महिनाअखेरपर्यंत वाटा, नाहीतर तुमचा तास गणिताला जाईल.

तू शिक्षण खात्यात बसतोस. हे कुण्या शहाण्याचं डोकं, ते शोधून कळव. लोभ आहेच, तो काही बारा प्रश्नांत मावायचा नाही.

तुझी धाकटी


ता. १२ जुलै

चि. मिरचीस अनेक आशीर्वाद.

तो शहाणा मीच. आता हवं तेवढं ओरडून घे, पण आधी ऐक. मुलं वाचतात हे वरच्यांना दाखवायचं कशाने? मांडणीशेजारी बसलेल्या मुलीचा अहवाल कसा पाठवू? तक्ता आहे म्हणून वाचनाचा तास वेळापत्रकात टिकलाय. मुकाट्याने तक्ते भरून घे आणि तास वाचव.

आशीर्वाद आहेतच, उत्तर जरा बेताने लिही.

दादा


ता. १६ जुलै

ती. दादास सा. न.

वि. वि. काही नाही, भांडण आहे. तास ठेवलास आणि त्यातलं वाचनच काढून घेतलंस. आणि हे कुणी, तर तू! पोट दुखतंय म्हणून शाळेला दांडी मारायचास आणि गच्चीवर टाकीआड बसून वाचायचास. तेव्हा बाबांनी बोध विचारला असता तर दुसरं पुस्तक हातात धरलं असतंस का?

सोबत तुझाच कोरा तक्ता पाठवतेय. अलीकडे आवडलेल्या कुठल्याही पुस्तकाचा भरून पाठव. वहिनीची सही घ्यायला विसरू नकोस.

धाकटी


ता. २३ जुलै

चि. मिरचीस आशीर्वाद.

तक्ता घेऊन बसलो आणि पहिल्याच रकान्यात अडलो. पुस्तकाचं नाव. मनासाठी शेवटचं कधी वाचलं तेच आठवेना. तुझ्या वहिनीला विचारलं, तर ती म्हणाली, लग्नानंतर तुमच्या हातात फाइलीशिवाय काही पाहिलेलं नाही. फार लाज वाटली गं. तुझ्या शाळेला तक्त्यातून सूट दिल्याचं पत्र आज धाडलंय. याहून जास्त माझ्या हातात काही नाही.

राग निवला असेल तर दोन ओळी लिही.

दादा


ता. ३० जुलै

ती. दादास सा. न. वि. वि.

सूट पोचली, तास राहिला. राग निवलेला नाही. टकळी अजूनही आठ पानांचीच पुस्तकं उचलते. आता काहीही भरायचं नाही, असं मी तिला सांगितलं, तर मलाच विचारते, मग वाचायचं कशाला?

हे एका शनिवारच्या तक्त्याने झालं. बाकीच्या शाळांतल्या मुलांनी तुझं काय घोडं मारलंय? हातात काही नाही म्हणू नकोस. तक्ता तुझ्याच हातचा आहे.

रागावलेली, तरी तुझीच
धाकटी