वायरापाम्पाची शिरगणती

वायरापाम्पा,
१४ जून १९८१

चि. फर्मिन यास युडोसियाताईचे अनेक आशीर्वाद.

तुझी पावाची पेटी पोचली. वरचे चार पाव बसवाल्याने खाल्लेले दिसतात. तुझ्या दाजींना, सातुर्निनोला, जाऊन उद्या चाळीस दिवस होतील. मी बरी आहे, नोंदणी कचेरीत रोज जाते.

१२ जुलैला शिरगणती आहे. आदल्या रात्री जो जिथे झोपेल, तो तिथला. आपल्या चिमुकल्या जिल्ह्यात तीनशे माणसं भरली नाहीत तर माझी कचेरी आणि दवाखान्यातली नर्स, दोन्ही खालच्या गावी हलवणार, असं प्रांताच्या साहेबांनी कळवलं आहे. जिल्ह्याचे अध्यक्ष निकानोर घरोघर मोजून आले. सातुर्निनोला धरून बरोबर तीनशे. त्याच्या मृत्यूची नोंद मी अजून केलेली नाही. अध्यक्ष म्हणाले की ताई, कागदावर तो जिवंत आहे तर महिनाभर राहू दे की, जिवंतपणी तरी त्याला कुठल्या कामाची घाई होती. मला हसू आलं. बऱ्याच दिवसांनी आलं.

काय करू, कळव. लोभ आहेच, तो पावांसारखा वाटेत कमी होऊ देऊ नकोस.

तुझी ताई

आरेकिपा,
२३ जून १९८१

ती. ताईस फर्मिनचा शि. सा. नमस्कार.

निकानोरला म्हणावं, मेलेले धरायचे तर सगळी दफनभूमीच मोज. जिल्हा कशाला, प्रांत होईल. मीच येऊन झोपलो असतो, पण हॉर्टेन्सियाचे दिवस भरत आलेत. तिला सोडून आलो तर शिरगणतीत माझंच डोकं कमी भरेल.

थट्टा पुरे. निकानोर तुझ्याकडे आला जूनमध्ये. दाजी गेले मे महिन्यात. मधल्या दिवसांत नोंद का झाली नाही? उत्तर नको, स्वतःला जप.

तुझा फर्मिन

वायरापाम्पा,
१४ जुलै १९८१

चि. फर्मिन यास अनेक आशीर्वाद.

मोजणीला आरेकिपाहून उबाल्दो नावाचे तरुण मास्तर आले. शनिवारी माझ्याकडेच उतरले. त्यांना सातुर्निनोची खाट दिली. तीन घोंगड्या घेऊनही कुडकुडत होते. रविवारी सगळ्या आळीने त्यांना सांगितलं की सातुर्निनो अल्पाका घेऊन वर कुरणात गेलाय, रात्री मात्र घरीच होता. टोमासाबाईंनी तर त्याला खोकला झाल्याचंही सांगितलं.

शेवटी मास्तरांनी मला विचारलं. मी म्हटलं, तो सहा मेला वारला. त्यांनी आकडा लिहिला, दोनशे नव्व्याण्णव. निकानोर म्हणाले की आता नर्सबाईंचं सामान गाढवावर तूच लाद.

मी मास्तरांना विचारलं की तुमची गणती कुठे झाली. म्हणाले, मी आरेकिपाचा. मी म्हटलं, आरेकिपात तुमची आई सांगणार की मुलगा काल रात्री घरी नव्हता. मग तुम्ही कुठेच नाही. नियम त्यांनीच दिवसभर घरोघर वाचून दाखवला होता. मग माझ्याच कागदावर त्यांनी आपलं नाव घातलं. घरातली माणसं, दोन. निकानोर आता त्यांच्यासाठी इथली मुलगी बघताहेत, पुढच्या वेळची सोय म्हणून.

तू उत्तर नको म्हणालास, तरी सांगते. वही रोज उघडत होते. त्याचं नाव लिहायची वेळ आली की दौत घरी राहिल्याचं आठवायचं.

काल नोंद केली. माहिती देणार, पत्नी. नोंद करणार, मीच. दोन सह्या कराव्या लागल्या. पहिली नीट आली.

बाळ झालं की तार कर, आणि या म्हातारीवर जीव असू दे.

तुझी ताई