बोट कोणाचं

८ डिसें., सोम.
आज पुन्हा ती ज्युनियर सिस्टर, कविताच. नवी नवरी तापाने ॲडमिट. बोटाला क्लिप लावली, ऑक्सिजन ८८. डॉ.ना फोन केला, ते जेवण टाकून धावत आले. मागोमाग कविता. नवरीच्या नखांवर गडद नेलपेंट. "ताई, क्लिप आडवी लावून बघू का?" आले ९७. डॉ. हसले. इतकी वर्षं वॉर्ड मी ओढला आणि हसं माझंच. नेलपेंटने आकडा खोटा येतो, हे मला माहीत नाही? घाईत राहिलं, एवढंच.

१० डिसें.
वॉर्डला इनचार्ज नेमायची आहे. नंबर माझा, सगळ्यांना ठाऊक. आणि राऊंडला डॉ. म्हणतात, "कविताचं रीडिंग डोळे झाकून घ्यावं." घ्या की. ती आधी पेशंटचे हात चोळून गरम करते, मग क्लिप लावते. म्हाताऱ्या खूश. मी गेले की, "त्या बाई कुटं गेल्या?" अंगाचा तिळपापड होतो.

११ डिसें.
वळसंगची आज्जी, न्यूमोनिया. हात बर्फासारखे. काल माझ्या ड्यूटीत मशीन सारखं ओरडत होतं, आज कविताच्या ड्यूटीत गप्प. ९८. पुन्हा ९८. आज्जीला तर दोन शब्द बोलताना धाप. हिच्या हातात काय जादू आहे? चूक सापडावी म्हणूनच गेले, तिची पाठ वळल्यावर. ब्लँकेट उचललं. क्लिप आज्जीच्या बोटाला नव्हतीच. शेजारी बसलेल्या सुनेच्या बोटाला!

"आत्याबाईचं बोट लई गार. मशीन वरडायचं. माजं घातलं, गप झालं की."

वर म्हणे, आकडा कमी आला की आयसीयूत नेत्यात, तितनं माणूस माघारी येत न्हाय.

आज्जीचा हात शेकून क्लिप लावली. ८४. लगेच ऑक्सिजन, डॉ., आयसीयू. कविता चुकीत सापडली म्हणून आधी आनंद झाला. मग आज्जीचे निळसर ओठ दिसले.

१२ डिसें.
मी सांगायच्या आत बाईसाहेबांनी स्वतःच डॉ.ना सांगितलं. "ब्लँकेट न उचलता आकडा लिहिला, सर. ताई गेल्या म्हणून आज्जी वाचल्या." डॉ. म्हणाले, "चूक कबूल करायला धाडस लागतं." म्हणजे चुकली तरी शाबासकी तिलाच. मला नुसतं, "गुड." सून आयसीयूच्या दाराशी बसून आहे, माझ्याशी बोलत नाही.

१३ डिसें., शनि.
आज्जीला अजून ऑक्सिजन चालू. इनचार्जचं सोमवारवर गेलं.
चहाला कविता शेजारी येऊन बसली. डोळे सुजलेले. "ताई, आकडा तर ९८ होता. तुम्हाला संशय कशावरून आला? मलाही शिकवा ना."
संशय आकड्यावर नव्हता गं, तुझ्यावर होता.
"सांगते," म्हणाले. ती अजून वाट बघतेय.