एकोणीस कॅसेट आणि अकरा सेकंद

३ फेब्रुवारी, सकाळी ९
प्रकल्पाचा पहिला दिवस. हॉस्पिटलच्या चौकशी कक्षात टेलिफोन ऑपरेटर हवी आहे आणि आमच्या हिला बोलावणं आलंय. एक मार्चपासून, रोज आठ तास. मी शांतपणे म्हटलं, लग्नाआधी हीच नोकरी करत होतीस, ती तू आपणहून सोडलीस, तसं कॅसेटवर स्वतःच्या तोंडाने सांगितलंस. आता चोपन्नाव्या वर्षी कशाला हे खूळ? ही म्हणाली, मी असं कधीच बोलले नाही, तुम्ही सोडायला लावलीत.

पुराव्यानेच मिटेल. आम्हा दोघांनाही दिसत नाही, म्हणून लग्नाआधीची आमची पत्रं कॅसेटवर आहेत. ए साइडवर मी, बी साइडवर हिचं उत्तर. एकोणीस कॅसेट, प्रत्येकीवर ब्रेलमध्ये नंबर. हिचं ते वाक्य सापडलं तर ही हॉस्पिटलला नकार कळवणार, नाही सापडलं तर जाणार. ही लगेच कबूल झाली. घाबरली असावी.

माझा विरोध स्वतःच्या सोयीसाठी मुळीच नाही. रस्ता ओलांडताना हिचं कसं होईल, एवढीच काळजी. भाजीला रोज एकटी जाते ती गोष्ट वेगळी.

४ फेब्रुवारी
टेपरेकॉर्डर दुरुस्तीला. बेल्ट सैल, हेडवर धूळ. दुकानदार म्हणाला, कॅसेट फार जुन्या आहेत, एकदा नीट वाजतील, पुढचं सांगता येत नाही. म्हणजे नुसतं लावून ऐकणं धोक्याचं. सगळं कॉम्प्युटरवर घ्यायचं, साफ करायचं, फोल्डर करायचे. हिने विचारलं, सरळ बी साइड लावल्या तर? म्हटलं, आधी माझ्या सगळ्या ए साइड. संदर्भ नको का कळायला.

६ फेब्रुवारी
स्टुडिओ तयार. मागची खोली. दाराला आतून कडी, खिडकीच्या फटीत टॉवेल, पंखा बंद. सॉफ्टवेअर झकास, माऊस लागतच नाही. आर दाबला की रेकॉर्डिंग सुरू, स्पेसबारने बंद, आणि स्क्रीन रीडर प्रत्येक गोष्ट बोलून सांगतो. कॅसेट एक, ए साइड, पंचेचाळीस मिनिटं.

संध्याकाळी फाइल ऐकली. माझा तरुणपणीचा आवाज विहिरीच्या तळातून आल्यासारखा. त्यावर खुर्चीची करकर, माझा खोकला, आणि किती वेळ झाला ते मी कळ दाबून स्क्रीन रीडरला अधूनमधून विचारत होतो त्याची उत्तरं: 'बारा मिनिटं', 'तेरा मिनिटं', 'तेरा मिनिटं'. हिने दाराबाहेरून विचारलं की इनपुट टेपच्या वायरवर ठेवलंय की लॅपटॉपच्या माइकवर. मी म्हटलं, मला शिकवू नकोस. चूक कळ दाबण्यात आहे. उद्यापासून रेकॉर्डिंग चालू असताना हलायचं नाही.

९ फेब्रुवारी
हलायचं नाही म्हणजे काय, हे बसल्याशिवाय कळत नाही. नाकाला खाज. उजव्या पायाला मुंग्या. खोकला चार वेळा गिळला. बाहेर ही फोनवर कुणाशी तरी खदखदून हसत होती. कशाबद्दल, ते विचारायला उठता येईना. कडी मीच लावलेली, तरी कुणीतरी डांबून ठेवल्यासारखं वाटलं.

१३ फेब्रुवारी
दोष सापडला. इनपुट माइकवरच राहिलं होतं. मी स्वतः शोधून काढलं. हिनेही मागे तसंच काहीसं सुचवलं होतं, पण मोघम. पाच फाइल बाद. शिवाय दोन नंबरच्या कॅसेटची फीत गुंतून तुटली. आता रेकॉर्डिंग स्वच्छ येतं आणि हलायला हरकत नाही, पण फीत अडकली तर तत्काळ थांबवायला माणूस हवा. तो माणूस मी. त्यामुळे बसणं सुटलं नाही.

१७ फेब्रुवारी
ए साइड नऊ झाल्या. मी फार छान बोलत असे. घरात दोन नोकऱ्या असल्या की दोन घड्याळं होतात, हे मी चार कॅसेटमध्ये वेगवेगळ्या प्रकारे समजावलंय. म्हणजे सोडायला लावलं असं नव्हे. सुचवणं वेगळं, सांगणं वेगळं.

ही चहा दाराशी ठेवून जाते आणि पलीकडे बसून हॉस्पिटलचे एक्स्टेंशन नंबर पाठ करते. बालरोग दोनशे चार, एक्स-रे दोनशे अकरा. भिंत पातळ आहे. आता मलाही पाठ झाले.

२१ फेब्रुवारी
या महिन्याला अठ्ठावीसच दिवस, हे आज लक्षात आलं. ए साइड पुरे, सरळ बी साइड घेतल्या. हेडफोनवर ऐकतो, म्हणजे हिला आधीच काही कळायला नको.

कॅसेट एक, बी साइड: 'नमस्कार. ऐका ठळक बातम्या.' आवाज माझा. कॅसेट तीन: तोच. कॅसेट चार: हवामान, तेही मीच.

मग आठवलं. लग्नानंतर मी रेडिओवर निवेदक व्हायची तयारी करत होतो. सरावाला कॅसेट लागायच्या. ए साइड पुसणं शक्य नव्हतं, तिथे माझी पत्रं होती. पुढे निवड झाली नाही. तिथे वशिला लागतो.

२५ फेब्रुवारी
बारा बी साइड झाल्या. बातम्या. हिने दाराशी येऊन विचारलं, सापडलं का? म्हटलं, जवळ आलोय. बाहेर जावं तर ही विचारणार, आत बसावं तर मी बातम्या देणार. दुपारचं जेवण आतच मागवलं.

खरं लिहायचं तर भीती वाटते. एकतीस वर्षं मी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत आलो की नोकरी हिनेच सोडली. पण एक मुद्दा माझ्या बाजूचा आहे. पुरावा पुसला गेला, याचा अर्थ पुरावा होता.

२७ फेब्रुवारी, दुपारी ३
कॅसेट चौदा, बी साइड. बातम्या वाचताना मला ठसका लागतो, मी टेप बंद करतो. खट्. आणि मग ही. तेवीस वर्षांची, बाजू संपत आली म्हणून घाईत. '...बाकी तुम्ही म्हणाल तसं. नोकरी तेवढी सोडायला सांगू नका, मी हात जोडते. तिथे सगळे मला माझ्या आवाजाने ओळखतात.' फीत संपली. अकरा सेकंद.

हे मी तेव्हा ऐकलं असणारच. याला काय उत्तर दिलं ते बघायला पंधरा नंबरची ए साइड लावली. नव्या चपला कशा चावतात, त्याबद्दल बोललोय.

२७ फेब्रुवारी, दुपारी ४:३०
विचारपूर्वक निर्णय घेतला. अकरा सेकंद म्हणजे पुरावा नव्हे, तुकडा. मागचापुढचा संदर्भ नसताना उगाच गैरसमज होतात. तेवढा भाग सिलेक्ट करून डिलीट दाबलं. 'अकरा सेकंद काढून टाकले,' स्क्रीन रीडर म्हणाला.

दारावर टकटक. मी कडी काढली. ही आत आली, टेबल चाचपत कीबोर्डपर्यंत पोचली आणि कंट्रोल झेड दाबलं. 'अकरा सेकंद परत आणले.' हेडफोन गळ्यात होते म्हणून मला तेव्हा कळलं की आवाज स्पीकरवरूनही येत होता. बंद करायचा राहिला होता. म्हणजे सगळं पलीकडे ऐकू गेलं, हवामानासकट.

हिने ते अकरा सेकंद एकदा लावले. फाइल सेव्ह केली. म्हणाली, त्या वेळी मी उत्तराची वाट पाहत होते, चपलांचं ऐकून वाटलं पुढच्या कॅसेटमध्ये असेल. रागावली नाही. रागावली असती तर मला काहीतरी बोलता आलं असतं.

१ मार्च, सकाळी ११
ही सव्वाआठला गेली. खिडकीतला टॉवेल काढून मी हिच्या काठीचा आवाज कोपऱ्यापर्यंत ऐकला. रस्ता व्यवस्थित ओलांडला. दारं सगळी उघडी आहेत, तरी मागच्याच खोलीत बसलोय. बाकीच्या खोल्या फार मोठ्या वाटतात.

ठरवलं की माफी मागायची, आणि आजच. वाक्यं तयार केली, दोनदा मोठ्याने म्हणून बघितली. साडेदहाला हॉस्पिटलचा नंबर लावला. हिनेच उचलला. 'चौकशी कक्ष, बोला.' आवाजाचं वय एका दिवसानेही वाढलेलं नाही. मी नुसतं हॅलो म्हटलं. हिने अदबीने विचारलं, कोणता विभाग हवाय आपल्याला. मी म्हटलं, त्वचारोग.

हिने जोडून दिला. मला ओळखलं नसावं. लाइनला खरखर होती.